ग्रेसी घराण्याला भिडलेला मल्ल

१ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये एक लढत तब्बल दीड तास चालली. पंधरा मिनिटांची एक, अशा सहा फेऱ्या झाल्या. एका बाजूला होता ब्राझीलचा रॉइस ग्रेसी. कुठलीही युद्धकला चालणाऱ्या यूएफसी या अमेरिकी मालिकेतल्या पहिल्या चारपैकी तीन स्पर्धा जिंकून त्यानं आपल्या घराण्याच्या जुजुत्सूचा दबदबा जगभर पोहोचवला होता. समोर नारिंगी चड्डी घातलेला काझुशी साकुराबा होता, मूळचा प्रो रेसलर. म्हणजे ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्या कुस्तीतून आलेला माणूस. वेळेची मर्यादा नको, पंचांनी लढत मध्येच थांबवायची नाही, गुणांवर निकाल लावायचा नाही, या अटी ग्रेसींनीच घातल्या होत्या. सहावी फेरी संपली तेव्हा साकुराबाच्या लाथांनी रॉइसचा पाय निकामी झाला होता. थोरला भाऊ रोरियन यानं टॉवेल टाकून हार मान्य केली.

हा निकाल इतका धक्कादायक का होता, हे समजायला जपानी प्रो रेसलिंग समजून घ्यावं लागतं.

आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटलं की तालमीत नाकं मुरडली जातात. ठरवून लढणारा पैलवान मैदानातून उठतो. जपानमध्ये तसं नव्हतं. तिथल्या प्रो रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असला, तरी अंगात खरी कुस्ती असल्याशिवाय मल्लाला मान मिळत नसे. कार्ल गॉच या युरोपीय मल्लानं अनेक जपानी मल्लांना खरे पेच शिकवले. अँटोनियो इनोकीनं १९७६ साली टोकियोत मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्यांची लढत केली, आणि प्रो रेसलर हाच जगातला सर्वांत बळकट लढवय्या असल्याचा दावा आयुष्यभर केला. पुढे १९८४ मध्ये यूडब्ल्यूएफ ही संघटना निघाली. तिथं दोरांवरून उड्या नव्हत्या; लाथा, फेका आणि सांध्यांचे पेच होते. निकाल ठरलेले, पण पाहणाऱ्याला लढत खरीच वाटावी अशी शैली होती.

साकुराबाचा जन्म १४ जुलै १९६९ चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. टायगर मास्क या मुखवटाधारी मल्लानं त्याला लहानपणीच वेड लावलं. शाळेत आणि नंतर टोकियोच्या चुओ विद्यापीठात तो ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती खेळला. १९९२ मध्ये तो यूडब्ल्यूएफ-इंटरनॅशनलमध्ये दाखल झाला. या संघटनेचा नायक होता नोबुहिको ताकादा. पण साकुराबाला खरा लाभ झाला तो तिथं शिकवणाऱ्या बिली रॉबिन्सनचा. हा इंग्रज वस्ताद विगन गावच्या बिली रायलीच्या तालमीत तयार झालेला. कोळसा खाणींच्या त्या मुलखात ‘कॅच’ नावाची कुस्ती रुजली होती. प्रतिस्पर्ध्याला चीत करणं किंवा हातापायाच्या सांध्याला पेच घालून हार कबूल करायला लावणं, दोन्ही तिच्यात चालत असे. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती याच कॅचमधून आली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवलं ते याच प्रकारात. फ्रीस्टाइलनं जे पेच वगळले, ते रॉबिन्सननं साकुराबाच्या हातात घोटून बसवले.

१९९४ च्या डिसेंबरमध्ये यूडब्ल्यूएफ-इंटरनॅशनलचाच मल्ल योजी आन्जो लॉस एंजेलिसला गेला आणि रिक्सन ग्रेसीला त्याच्याच तालमीत आव्हान देऊन रक्तबंबाळ होऊन बाहेर पडला. ११ ऑक्टोबर १९९७ रोजी प्राइड या नव्या स्पर्धेत खुद्द ताकादा रिक्सनसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत हातावरच्या पेचात हरला. एका पिढीनं ज्याला खराखुरा योद्धा मानलं, तो खऱ्या लढतीत पाच मिनिटंही टिकला नाही. जपानी चाहत्यांना हे फार लागलं.

त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, २१ डिसेंबर १९९७ रोजी, योकोहामात यूएफसीची स्पर्धा झाली. साकुराबा तिथं वजनानं कितीतरी जड अशा मार्कस सिल्व्हेराशी लढला. ठोसे चुकवत तो पट काढायला खाली वाकला. तो कोसळला असं पंचांना वाटलं आणि त्यांनी लढत थांबवली. साकुराबा हटून बसला, रिंगणातून बाहेर पडेना. चित्रफीत तपासल्यावर निकाल रद्द झाला, आणि अंतिम फेरीत पोहोचलेला दुसरा स्पर्धक दुखापतीमुळे बाद झाल्यानं याच दोघांमध्ये अंतिम लढत लावण्यात आली. साकुराबानं हाताला पेच घालून ती जिंकली. मग ध्वनिक्षेपकावरून त्यानं सांगितलं की प्रो रेसलर खरोखरच बलवान असतात. ताकादाच्या पराभवानं खचलेल्या चाहत्यांना नेमकं हेच ऐकायचं होतं.

पुढची तीन वर्षं त्याची होती. प्राइडमध्ये त्यानं कार्लोस न्यूटनला गुडघ्याच्या पेचात अडकवलं, व्हिटर बेलफोर्टला गुणांवर मागे टाकलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये रॉयलर ग्रेसी समोर आला. साकुराबानं त्याचा हात पाठीमागे पिळला. रॉयलरनं हार मानली नाही, तरी पंचांनी लढत संपवली. ग्रेसींनी या निर्णयावर आक्षेप घेतला. रॉयलर वजनानं बराच हलका होता, हेही खरं. पण न हरणाऱ्या घराण्याचा लौकिक त्या संध्याकाळी डागाळला. रॉइसवरच्या विजयानंतर ऑगस्ट २००० मध्ये रेन्झो ग्रेसीनं तोच पेच अनुभवला. फेरी संपायला काही सेकंद उरले असताना त्याचा कोपर निखळला. रेन्झोनं कोणतीही सबब न सांगता साकुराबा आपल्यापेक्षा सरस ठरल्याचं सर्वांसमोर मान्य केलं. डिसेंबरमध्ये रायन ग्रेसीही हरला.

हात पाठीमागे पिळण्याच्या या पेचाला स्वतःचा इतिहास आहे. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरानं रॉयलर आणि रॉइसचे वडील हेलिओ यांचा हात याच पेचानं मोडला होता. त्या किमुरानंही पोटापाण्यासाठी प्रो रेसलिंग पत्करलं होतं.

साकुराबाचं वेगळेपण केवळ जिंकण्यात नव्हतं. तो मुखवटे घालून रिंगणात यायचा. पाठीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावरून कोलांटी मारून पलीकडे जायचा, दोन्ही हातांनी एकदम प्रो रेसलिंगमधले तडाखे द्यायचा, रॉइसचं जाकीट त्याच्याच अंगाभोवती गुंडाळायचा. प्रेक्षक खूश होत, आणि समोरचा गोंधळून जाई. पाठीवर पडून पायांच्या पकडीत शत्रूला अडकवायचं आणि त्याच्या चुकीची वाट पाहायची, ही ग्रेसींची पद्धत. पुढं काय येणार हे कळेनासं झालं की अशी वाट पाहणं अवघड होतं. रंजनासाठी शिकलेल्या गोष्टी त्यानं अशा शस्त्र म्हणून वापरल्या. त्याची खरी प्रतिभा यात दिसते.

या कामगिरीची किंमतही जबर होती. रॉइसशी दीड तास झुंजल्यावर त्याच रात्री तो त्याच स्पर्धेच्या पुढच्या लढतीत इगोर वोवचानचिन या वजनदार युक्रेनियन लढवय्यासमोर उतरला. पंधरा मिनिटांनंतर त्याच्या बाजूनं टॉवेल आला. मार्च २००१ मध्ये प्राइडनं खाली असलेल्या लढवय्यावर लाथा आणि गुडघे मारायची मुभा दिली. त्याच दिवशी वांडरलेई सिल्व्हानं साकुराबाला ९८ सेकंदांत लोळवलं. नोव्हेंबरमध्ये सिल्व्हाशीच झालेल्या दुसऱ्या लढतीत साकुराबाचं खांद्याजवळचं हाड मोडलं, २००३ मध्ये सिल्व्हाकडूनच तिसऱ्यांदा हार झाली. मधल्या काळात मिर्को क्रो कॉपनं त्याच्या डोळ्याभोवतीचं हाड जायबंदी केलं. २०१० च्या शेवटच्या दिवशी मारियस झारोम्स्किसविरुद्ध त्याचा कान फाटला. शरीर थकलेलं दिसत असतानाही आयोजक त्याचं नाव फलकावर लावत राहिले, कारण त्याच्या नावावर तिकिटं खपत. तोही नाही म्हणत नसे. या दोन गोष्टी एकत्र आल्यानं त्याच्या कारकिर्दीची अनेक वर्षं पाहवत नाहीत, आणि त्या पराभवांचा दोष केवळ त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

२००७ मध्ये लॉस एंजेलिसला रॉइसनं गुणांवर बदला घेतला, पण नंतरच्या चाचणीत रॉइस उत्तेजक द्रव्याबाबत दोषी आढळला. २०१२ मध्ये साकुराबा न्यू जपान प्रो रेसलिंगमध्ये परतला आणि ४ जानेवारी २०१३ रोजी टोकियो डोममध्ये शिन्सुके नाकामुराशी लढला. २०१७ मध्ये यूएफसीनं त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिलं.

२०१८ मध्ये त्यानं ‘क्विंटेट’ ही स्पर्धा सुरू केली. ठोसे आणि लाथा इथं वर्ज्य. पाच जणांचा एक संघ, त्यांच्या एकूण वजनाला मर्यादा. जिंकणारा पुढच्या गड्याशी लढायला रिंगणातच थांबतो. बरोबरी झाली तर दोघंही बाद. कोणाला केव्हा उतरवायचं हे डोकं चालवून ठरवावं लागतं. ज्युदो, जुजुत्सू आणि कुस्तीची माणसं यात एकाच नियमाखाली भिडतात. निकाल पूर्णपणे खरा, आणि मांडणी पाहणाऱ्याला खिळवून ठेवणारी. पन्नाशी ओलांडल्यावर, २०२१ मध्ये, ताकाशी सुगिउराच्या जोडीनं त्यानं नोआ या संघटनेचं प्रो रेसलिंगमधलं जोडी विजेतेपदही मिळवलं.