पोटात उजवीकडे कळ आली तर ट्रॉलर परत फिरवा



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली की ट्रॉलर पुन्हा खोल पाण्यात जातात. माणसं कित्येक दिवस बाहेर असतात. कोणाच्या पोटात दुखू लागलं की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस झाला असेल." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण अपेंडिक्स सुजलं असेल तर त्या एका वाक्यावर दोन रात्री काढणं जिवावर बेतू शकतं.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, बोटाएवढी नळी. तिचं एक टोक मुळातच बंद असतं. दुसरं तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बंद झालं की ती फुगते, आत पू होतो. उपचार लांबले तर ती फुटते आणि घाण पोटभर पसरते. साधारण दीड दिवसानंतर फुटण्याचा धोका वाढत जातो. लहान मुलांत ती त्याआधीही फुटू शकते.

ओळखायचं कसं? दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाजवळ सरकतं. भूक मरते, मळमळतं, दुखणं सुरू झाल्यावर उलटी होते, थोडा ताप येतो. खोकलं, चाललं, बोट लाटेवर आपटली तरी कळ येते. गॅसचं दुखणं येतं-जातं, हे मात्र वाढतच राहतं. फुगलेलं अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ बरंही वाटतं. त्या आरामाला फसू नका. पुढे सगळं पोट दगडासारखं कडक होतं.

लहान पोराला नीट सांगता येत नाही. ते पाय पोटाशी घेऊन पडून राहतं, खात नाही, उडी मार म्हटलं तर मारत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत बरेचदा अपेंडिक्स फुटलेलं असतं. म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांच्यातही लक्षणं सरळ दिसत नाहीत.

हॉस्पिटलात डॉक्टर पोट दाबून बघतात, रक्त-लघवी तपासतात, सोनोग्राफी करतात. मोठ्यांना गरज पडली तर सीटी स्कॅन. मुलांना आणि गरोदर बाईला आधी सोनोग्राफीच, क्ष-किरण टाळायचे म्हणून. बाईमाणसाची गर्भाची तपासणीही करतात, कारण गर्भ नळीत राहिला तरी असंच दुखतं.

उपचार म्हणजे मुख्यतः ऑपरेशन, आजकाल बहुधा दुर्बिणीने. फुटलेलं नसेल तर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. नुसत्या अँटिबायोटिकवरही काहीजण बरे होतात. पण फिनलंडमध्ये न फुटलेल्या अपेंडिक्सचे मोठे रुग्ण तपासले, तेव्हा औषधावर ठेवलेल्यांपैकी शंभरात २७ जणांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, बोटीवरच्या औषधाच्या डब्याने नव्हे.

१९४२ साली, महायुद्धात, 'सीड्रॅगन' या अमेरिकन पाणबुडीवर एका खलाशाचं अपेंडिक्स सुजलं. बोटीवर डॉक्टर नव्हता, शत्रूच्या पाण्यात वर येता येत नव्हतं. शेवटी औषधं सांभाळणाऱ्या पोराने पाण्याखालीच ऑपरेशन केलं, जखम उघडी धरायला चमचे वाकवून वापरले. खलाशी वाचला. त्यांना परत फिरायला वाट नव्हती. आपल्याला आहे.

म्हणून तांडेलांनी एवढं करावं:

• जुलाबाचं औषध, एनिमा, पोटाला शेक, यातलं काही देऊ नये.
• वेदनेची गोळी देऊन "उद्या बघू" म्हणू नये.
• जेवण बंद ठेवावं, ऑपरेशन लागू शकतं.
• दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवावी.
• व्हीएचएफच्या १६ नंबरवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवावं. जेटीवर १०८ ची गाडी आधीच बोलवावी.

आणखी एक गोष्ट. आपले बरेच खलाशी परराज्यातले. ट्रिप बुडाली तर मालक ओरडेल या भीतीने ते दुखणं अंगावर काढतात. निघायच्या आधीच त्यांना त्यांच्या भाषेत सांगा: पोटात दुखलं तर लगेच बोल, कोणी रागावणार नाही. डिझेल-बर्फाचा खर्च पुढच्या ट्रिपला निघेल, माणूस गेला तर परत येणार नाही.

ही माहिती आपापल्या बोटीवर वाचून दाखवा.