नळाला आलेली भीमा

आत्या मंगळवेढ्याहून डोंबिवलीला आली की पहिले दोन दिवस तिचा जीव आमच्या नळात अडकलेला असतो. तांदूळ धुतलेलं पाणी ती टोपात धरते, त्यात भांडी विसळते, उरलेलं कुंडीत ओतते. यंदा मी म्हटलं, "सांडू दे गं थोडं. तुमच्या भीमेचंच आहे." "थट्टा करतूस व्हय रं?"

थट्टा नव्हती. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचं पाणी पितं. ठाण्यालाही शहाडहून त्यातलाच वाटा जातो. भर मे महिन्यात ही नदी वाहते ती बारवी धरणाच्या आणि कर्जतजवळच्या भिवपुरी वीजघराच्या जिवावर. हे टाटांचं वीजघर 1922चं. मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवून पाणी घाटाखाली सोडलं, त्यावर मुंबईसाठी वीज केली. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. मंगळवेढ्याच्या वाटेला लागलेलं पाणी असं कोकणात उतरलं.

कायद्याला हे चाललं कसं? 1882च्या सुविधाधिकार कायद्यानं काठच्या जमीनमालकाला नैसर्गिक प्रवाहाचा हक्क दिला खरा, पण नद्यांवरचा सरकारचा अधिकार शाबूत ठेवून. त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्यात नेण्याचाच खटला होता. निकाल असा: कोरड्या मुलखात काठ कुणाचा हे बघायचं नाही, आधी पाणी उचलून कामी लावेल त्याचा हक्क आधी. आपल्याकडे हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, घडलं मात्र तसंच. 1921 साली टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मुळशीकरांनी सत्याग्रह केला, तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. खालच्या सोलापूरला कोण विचारतो!

कृष्णा खोऱ्याच्या वाटपासाठी 1969 साली बच्छावत लवाद नेमला, तोवर हा वापर मुरलेला. लवादानं तो थांबवला नाही, मर्यादा घातली: टाटांच्या धरणांतून भीमा खोऱ्याबाहेर वर्षाला 54.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी, त्यापलीकडे नाही. भीमेवरच्या अख्ख्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा साधारण 53 टीएमसी आहे, म्हणजे बघा.

हे पाणी भीमेला परत द्या, ही सोलापूरकडची मागणी मला रास्त वाटते. वीज दुसरीकडून आणता येईल. पण भिवपुरीचं पाणी बंद करायचं तर उल्हासवर जगणाऱ्या शहरांना दुसरं धरण लागेल. त्यासाठी नाव घेतलं जातं ते काळूचं, आणि मुरबाडमधली आदिवासी गावं त्याला कित्येक वर्षं विरोध करत आली आहेत.