किचनची जुनी शटरं? फेकू नका, रंगवा!

मॉड्युलर किचनचं कोटेशन बघून घाम फुटला असेल, तर आधी शटर उघडून आतला सांगाडा तपासा. प्लायवूड फुगलेलं नसेल, वाळवी नसेल, तर शटरं घरीच रंगवून काम भागतं.

खरी मेहनत रंगात नाही, धुण्यात आहे. गॅसशेजारच्या शटरांवर, विशेषतः हँडलभोवती, फोडणीचा पिवळट चिकट थर बसलेला असतो. त्यावर कितीही महाग रंग द्या, पापुद्रे सुटणारच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा (हातमोजे हवेतच), साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, सनमायकाची चकाकी जाईपर्यंत. सनमायकावर लाकडाचा साधा प्रायमर नीट धरत नाही. दुकानात गुळगुळीत पृष्ठभागाचा प्रायमर मागा. रंगाचे दोन पातळ हात, फोमच्या छोट्या रोलरने. ब्रशच्या रेघा फार वाईट दिसतात.

शटरं काढताना नंबर बिजागरीच्या खाचेत लिहा, तिथे रंग लागत नाही.

हाताला सुकलेला वाटला तरी रंग पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात. तोवर घासणी लांबच ठेवा. आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका.