दाताचं मोठं काम निघालंय? कर्ज काढण्याआधी हे वाचा



गेल्या पावसाळ्यात एका समूहाच्या बैठकीत एक ताई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, दाढ ठणकतीय." बैठक संपल्यावर त्यांनी पर्समधून कागद काढला. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात ३८ हजारांचा खर्च सांगितला होता. दोन दाढा काढायच्या, दोन रूट कॅनाल, त्यावर टोप्या आणि पुढच्या पडलेल्या दातांच्या जागी पक्के दात. एका फायनान्स कंपनीचा फॉर्मही त्यांनी भरत आणला होता.

तो फॉर्म आम्ही थांबवला. काम झालं, पण वेगळ्या वाटेनं. ती वाट सगळ्यांना माहीत असावी म्हणून हा लेख.

आधी कागद समजून घ्या

३८ हजार हा एक आकडा नसतो, ती चार-पाच कामांची बेरीज असते. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक कामाचा वेगळा खर्च लिहून मागा. मागायला लाजू नका. मग तीन प्रश्न विचारा:

१. यातलं आत्ताच करायला हवं असं कोणतं आणि थांबलं तरी चालेल असं कोणतं? पू, सूज, ठणका असलेला दात आधी. दिसण्यासाठीचं काम नंतर.

२. हा दात वाचेल का, की काढावाच लागेल?

३. यापेक्षा स्वस्त पर्याय आहे का? पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवता येतो, ब्रिज बसवता येतो किंवा काढ-घाल करायची कवळी बसवता येते. इम्प्लांट सगळ्यात महाग, कवळी सगळ्यात स्वस्त. कवळी रोज काढून धुवावी लागते, सवय व्हायला वेळ लागतो. पण भाकरी चावता येते.

पहिली पायरी : सरकारी रुग्णालय

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत, तसंच उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत दाताचे डॉक्टर असतात. दात काढणं, सिमेंट भरणं, साफसफाई ही कामं तिथं होतात. काही ठिकाणी रूट कॅनालही होतं. टोपी आणि कवळी मात्र सगळीकडे मिळत नाही. जाण्याआधी आशाताईंकडून चौकशी करा, डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि काय काय होतं.

लेकरांच्या किडलेल्या दातांसाठी अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. ते पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी देतात.

दुसरी पायरी : डेंटल कॉलेज

मोठ्या कामासाठी खरा आधार इथं आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. शिवाय लोणी, कराड, सांगली, लातूर, नाशिक, अमरावती, वर्ध्याजवळ सावंगी इथं खाजगी संस्थांची कॉलेजं आहेत. शासकीय कॉलेजात शुल्क नाममात्र असतं. खाजगी कॉलेजातही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो.

"तिथं पोरं शिकतात, आपल्यावर हात साफ करतात," असं बायका म्हणतात. खरं काय, तर काम शिकणारे डॉक्टर करतात आणि त्यांचे शिक्षक टप्प्याटप्प्यावर तपासतात. त्यामुळे वेळ जास्त लागतो. दवाखान्यात दोन फेऱ्यांत होणाऱ्या कामाला तिथं चार लागू शकतात.

आमच्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी आम्ही दुपारी पोचलो. केसपेपर काढायची खिडकी बंद झालेली. ताईंची मजुरी आणि माझा दिवस, दोन्ही वाया. म्हणून सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेलाच पोचा. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने एक्स-रे, चालू असलेल्या गोळ्या सोबत घ्या. बीपी, शुगर असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

त्या ताईंच्या दाढा ग्रामीण रुग्णालयात मोफत निघाल्या. बाकीचं कॉलेजात झालं. पक्क्या दातांऐवजी त्यांनी काढ-घालीची कवळी घेतली. प्रवास धरून साडेनऊ हजार लागले. पण सात फेऱ्या झाल्या आणि सात दिवसांची मजुरी बुडाली, हेही हिशेबात धरा.

योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रूट कॅनाल, टोपी, कवळी बसत नाही. पण जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर अशा मोठ्या उपचारांसाठी ती आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा.

पैसे कुठून आणायचे?

आधी आपला समूह. समजा १२ हजार अंतर्गत कर्ज घेतलं, महिना १ टक्का व्याज, दरमहा १ हजार मुद्दल परत. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर वर्षाचं व्याज होतं ७८० रुपये. बाहेर वर्षाला २४ टक्क्यांनी घेतलं तर तेच १,५६० होतं. वर प्रोसेसिंग फी आणि विमा वेगळा. समूहाचं व्याज समूहातच राहतं, ही गोष्ट वेगळीच. फारच अडचण असेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधीसाठी अर्ज करा. आजारपणासाठी तो वापरता येतो. आणि सगळं काम एकदम करायची गरज नाही. एक काम, त्याचे हप्ते, मग दुसरं.

इथं स्वस्त शोधू नका

बाजारात, रस्त्याकडेला बसून दात बसवणाऱ्यांकडे जाऊ नका. ते हिरडीला चिकटवून दात बसवतात, खाली पू होतो आणि शेजारचे चांगले दातही जातात. डॉक्टर नोंदणीकृत आहे ना, हे बोर्डावर बघा.

दुखतंय म्हणून मिश्री लावू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. थोडा वेळ बधिर वाटतं, कीड तशीच राहते आणि सवय मात्र लागते. ठणक्याच्या गोळीनंही पू जात नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीसारखं उघडेना, तर थांबू नका, दाखवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढली, ताप आला, गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

दाताचं दुखणं कोणाकोणाला आहे, हे एकदा विचारा. हात वर होणार नाहीत, बायका हे दुखणं अंगावर काढतात. शेजारी बसलेलीला विचारा. नावं निघाली की सीआरपी ताईंकडे द्या. चार-पाच जणी असतील तर एकाच दिवशी जाता येईल. एकीनं रांगेत थांबायचं, दुसरीनं खिडकीवर चौकशी करायची. पहिल्यांदा जाताना सोबत कोणी असलं की निम्मी भीती तिथंच जाते.

त्या ताई आता बैठकीत पदर बाजूला ठेवून बोलतात. गेल्या महिन्यात तर हिशेबावरून माझ्याशीच भांडल्या.