पदवी नाकारणाऱ्या बाई

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं, पण मेरी कॅल्किन्स हे नाव तेव्हा कधी कानावर आलं नाही. परवा भाचीच्या पुस्तकात दिसलं आणि मी वाचतच बसले.

या बाई १८८७ मध्ये अमेरिकेतल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवायला आल्या. कॉलेजला मानसशास्त्र सुरू करायचं होतं, म्हणून त्या आधी स्वतः शिकायला हार्वर्डला गेल्या. तिथे बायकांना प्रवेशच नाही! खास परवानगी काढून वर्गात बसल्या. १८९१ मध्ये वेलस्लीत प्रयोगशाळा उघडली. आपल्या विद्यार्थिनींचे छोटे छोटे प्रयोग बाईंनी संशोधनाच्या नियतकालिकांत छापून आणले. बी.ए.च्या मुलीचं काम छापून येणं आज तरी कुठे सोपं आहे हो?

त्यांचं स्वतःचं संशोधन स्मरणशक्तीवर. रंग आणि आकडा जोडीने दाखवायचा, मग नुसता रंग दाखवून आकडा विचारायचा. पुन्हा पुन्हा दाखवलेली जोडी पक्की बसते. आपण पोरांकडून पाढे घोकून घेतो, तेच की!

१८९५ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांनी परीक्षा घेऊन त्यांना वाखाणलं, पण बाई म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. १९०२ मध्ये रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पदवी देऊ केली, ती त्यांनीच नाकारली. अभ्यास हार्वर्डात केला, मग पदवी दुसरीकडची का? सासूबाई म्हणाल्या, "घ्यायची की, सोडायची कशाला?" मला मात्र बाईंचं पटलं.

१९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९२९ पर्यंत वेलस्लीतच शिकवत होत्या. १९३० मध्ये गेल्या, तोवर हार्वर्डची पदवी काही आली नव्हती.