जुना गेमिंग कॉम्प्युटर आणि बारा हजारांचे बजेट

मंडळाच्या दिवाळी फराळाला एका सभासदांनी विषय काढला. २०१९ मध्ये मुलासाठी हप्त्यांवर घेतलेला कॉम्प्युटर आता गेममध्ये अडखळतो. दुकानात दाखवला तर "सगळाच बदला, साठ-सत्तर हजार लागतील" असे उत्तर मिळाले. धाकटीची फी तोंडावर आलेली. फार तर बारा हजार निघाले असते. आम्हा तिघांना असल्या कामाची हौस आहे, म्हणून रविवारी त्यांच्याकडे गेलो. अशी मशीन आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहेत, तेव्हा काय केले ते इथे सांगतो.

आधी दोष प्रोसेसरचाच आहे ना, ते पाहिले. गेममध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणले की ग्राफिक्स कार्डाचे काम हलके होते. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर मागे पडतो आहे तो प्रोसेसर. भराभर वाढल्या, तर अडचण कार्डाची. मग प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नका. टास्क मॅनेजरच्या एकूण टक्क्यांवर विसंबू नये. दोन कोअर घामाघूम आणि चार निवांत असले तरी तिथे चाळीसच दिसतात. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालून पाहा. इथे पट्ट्या दोन होत्या आणि फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. दोष प्रोसेसरचाच होता.

आत होता रायझन ५ २६०० आणि बी४५० चा मदरबोर्ड. हे नशीबच म्हणायचे. एएमडीने २०१७ चे पहिले रायझन ज्या एएम४ सॉकेटवर आणले, त्याच सॉकेटवर २०२० ची ५००० मालिकाही आणली. जुन्या बोर्डांवर ती चालणार नाही असे कंपनी आधी म्हणाली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर मे २०२० मध्ये निर्णय फिरवला. इंटेलच्या बोर्डावर एवढी लांब उडी बहुधा मिळत नाही. नव्या एएम५ कडे जायचे तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही घ्यावी लागते, म्हणजे बजेट तिथेच संपले.

आम्ही रायझन ५ ५६०० निवडला. कोअर पूर्वीइतकेच, सहा. मग फरक कशाने पडतो? प्रत्येक कोअर जास्त वेगवान आहे, शिवाय कॅशची मांडणी बदलली आहे. २६०० मध्ये १६ एमबी कॅश आठ-आठ अशी दोन गटांत वाटलेली. ५६०० मध्ये ३२ एमबी, सहाही कोअरना सामायिक. सहा जणी स्वयंपाक करताहेत आणि मिसळणाचे डबे दोन खोल्यांत, की सगळ्यांच्या मधोमध एक मोठा डबा, एवढा तो फरक. वीज ६५ वॅटच्याच वर्गातली, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय चालतो, आणि बॉक्समध्ये कूलरही येतो. ५५०० स्वस्त आहे, पण कॅश १६ एमबीच. ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी आहे आणि गेमसाठी तो सरसच, पण बजेटबाहेरचा, वर कूलर वेगळा घ्यावा लागतो. सिकंदराबादला पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये चार दुकानांत भाव विचारा आणि बॉक्स सीलबंद आहे ना ते पाहा. सुट्या, ट्रेमधल्या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही.

जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करा. हा क्रम उलटला तर मशीन सुरूच होणार नाही, आणि अपडेटसाठी जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा लागेल. बोर्डाचे नेमके मॉडेल आणि रिव्हिजन वाचून त्याचीच फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस हवाच. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. नवा प्रोसेसर बसल्यावर ती विचारली जाऊ शकते.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. पूर्वी एकदा आम्ही थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला. सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर आला, पिना वाकल्या. लीड काढलेल्या पेन्सिलचे टोक एकेका पिनेत घालून त्या सरळ करताना तिघांचेही हात थरथरत होते. तेव्हा पंधरा मिनिटे गेम चालवा, मग मशीन बंद करून प्लग काढा आणि गरम असतानाच कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपोआप खाली बसतो. दाबायचा नाही.

संध्याकाळी मुलाने काउंटर-स्ट्राइक २ लावला. पूर्वी धुराच्या लोटात शिरले की चित्र थबकायचे, ते आता थबकत नाही. खर्च बाराच्या आत बसला. निघालेला २६०० आणखी एका सभासदांकडे जाणार आहे. त्यांच्याकडे अजून रायझन ३ १२०० आहे. आधी त्यांच्या बोर्डाचे बायोस पाहायचे आहे.