वृत्तवाहिनीच्या पडद्यामागे
लेखांक ५ : रनडाऊन

मागच्या आठवड्यात आपण इनपुटच्या टेबलापाशी होतो. बातमीदारांचे, जिल्ह्याजिल्ह्यांतले फोन तिथे येतात, बातमी तिथे जमा होते. ती पडद्यावर जाते ती आउटपुटच्या टेबलावरून, आणि तिथला कारभारी म्हणजे बुलेटिन प्रोड्युसर. प्रेक्षकाला तो कधी दिसत नाही, पण अँकरच्या कानात त्याचाच आवाज असतो.

त्याचं सगळं काम एका तक्त्याभोवती फिरतं. हा तक्ता म्हणजे रनडाऊन : कोणती बातमी कितवी, किती सेकंदांची आणि कोणत्या रूपात. अँकर वाचतो आणि सोबत दृश्यं चालतात, ती एव्ही. बातमीदाराचा आवाज, दृश्यं आणि बाइट, म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचा छोटा तुकडा, जोडून तयार केलेली बातमी म्हणजे पॅकेज. कॅमेरा पोचला नसेल तर बातमीदाराचा नुसता फोनो.

आता हिशेब बघा. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो मिळून तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं घेता येतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये बातम्यांना साधारण २४ मिनिटं. त्यातून हेडलाइन्स वजा करा. आलेल्या बातम्या मात्र तासभर पुरतील एवढ्या असतात. म्हणून प्रोड्युसरची परीक्षा होते ती काय गाळायचं, यात.

जुलैतली एखादी संध्याकाळ घ्या. पावणेसातला रनडाऊन पक्का झालाय : आधी विधानसभेतला गोंधळ, मग कांद्याचे भाव, शेवटी क्रिकेट. सहा पंचावन्नला फोन येतो. कुर्ला-शीवदरम्यान रुळांवर पाणी, लोकल बंद, कॅमेरामन गर्दीत अडकलेला. आता फोनो पहिला. विधानसभेच्या दोन मिनिटांच्या पॅकेजची चाळीस सेकंदांची एव्ही होते. क्रिकेट ड्रॉप. प्रॉम्प्टरवर नवा मजकूर चढवायचा, ग्राफिक्सला पट्टी सांगायची, दृश्यं पडद्यावर सोडणाऱ्या पॅनलवर नवा क्रम कळवायचा. हे सगळं पाच मिनिटांत. कांद्याला हात लावायचा नाही, कारण वाहिनी महाराष्ट्राची आहे. मुंबईच्या पाण्यात लासलगाव बुडता कामा नये.

गाळण्याचा हा निर्णय कधीकधी जिवावरचा असतो. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत राहिल्या. कसाब खटल्याच्या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले. २०१५मध्ये नियमच आला : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवायची. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पॅनलवर बटण दुसरं कुणी दाबतं, पण चुकीचं दृश्य गेलं तर जाब प्रोड्युसरला विचारतात.

या खुर्चीपर्यंत पोचायचं कसं? पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीच्या आयआयएमसीत मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. पदविका मिळाली तरी सुरुवात बहुधा ट्रेनी म्हणून, एव्हीची कॉपी लिहिण्यापासून होते. ती कॉपी मोठ्याने वाचून बघायची सवय लावा. जिथे तुमचा श्वास अडकेल, तिथे अँकरचाही अडकेल. पुढे असिस्टंट प्रोड्युसर, मग स्वतःचं बुलेटिन. रात्रपाळी चुकत नाही, आणि गणपतीत घरी असण्याची खात्री देता येत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. सलग सात दिवस एकाच मराठी वाहिनीचं एकच बुलेटिन वही घेऊन बघा. प्रत्येक बातमीचा क्रम, रूप आणि सेकंद टिपा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्राशी ताडून बघा आणि गाळलेल्या बातम्यांपुढे कारण लिहा. पुढच्या लेखांकात आपण पीसीआरमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये, शिरणार आहोत. येताना ती वही घेऊन या.